आईवडिलांनी राहावे कुठे?

(वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेला आरंभ केला. तेव्हापासून उन्हाळ्यातल्या संध्याकाळी एकत्र जमून चार शब्द ऐकण्याची सवय महाराष्ट्राला लागली. या मंचावरून मोठमोठे पंडित बोलून गेले आहेत. मी पंडित नव्हे. माझे शिक्षण दहावीपर्यंत शाळेत आणि त्यापुढचे सार्वजनिक वाचनालयात व कारखान्याच्या फाटकावर झाले. चालकांना वाटले असेल की हा युनियनवाला कंत्राटी कामगारांवर किंवा नव्या कामगार संहितांवर बोलेल. मी त्यांना म्हणालो, त्या विषयावर मी एरवी रोजच बोलतो. आज मला दुसऱ्याच एका प्रश्नावर बोलू द्या.

हा प्रश्न अलीकडे युनियनच्या कचेरीत वरचेवर येतो. पूर्वी कामगार येई तो बोनसचे विचारायला, बडतर्फीचे पत्र दाखवायला. आता पन्नाशीकडे झुकलेला कामगार काम झाल्यावरही खुर्चीवरून उठत नाही. थोडा वेळ घुटमळतो आणि म्हणतो, "साहेब, आईला आता एकटीला ठेववत नाही. कुठे ठेवू?" या प्रश्नाला कायद्याचे एखादे कलम काढून उत्तर देता येत नाही. परंतु संघटनेच्या कामात पंचवीस-तीस वर्षे घालवल्यावर काही गोष्टी पारखण्याची सवय लागते. त्या सवयीचा उपयोग इथे कसा होतो, तेवढेच मी सांगणार आहे.

प्रथम हा प्रश्न एवढा मोठा का झाला ते पाहू. म्हातारपण नवे नाही. पण मुंबईतल्या कामगाराने मुंबईत म्हातारे होणे ही गोष्ट मात्र तशी नवी आहे. गिरणगाव वसले तेव्हा म्हाताऱ्याचा विचार कोणी केलाच नव्हता. कोकणातून, साताऱ्या-कोल्हापुराकडून तरुण गडी आले. गावकरी मंडळाच्या एका खोलीत तीस-चाळीस जण राहिले. एका पाळीचे लोक कामावर गेले की दुसऱ्या पाळीचे लोक त्याच जागेवर वळकटी पसरीत. प्रत्येकाच्या वाट्याला एक ट्रंक आणि एक खुंटी. जेवण खानावळीत. ज्यांनी बायकामुले आणली त्यांना दहा बाय बाराची खोली मिळाली. १९२० नंतरच्या दशकात सरकारने बी.डी.डी. चाळी बांधल्या, त्यांतली खोलीही १६० चौरस फुटांची, आणि संडास सगळ्या मजल्याला मिळून. हिशेब असा होता की हात चालतात तोवर मुंबई, आणि हात थकले की गाव. म्हातारपण गावाच्या खात्यावर मांडलेले होते.

तो हिशेब पुढे मोडला. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यांतले पुष्कळ पुन्हा आत गेलेच नाहीत. गिरण्या गेल्या. माझे वडील त्या अडीच लाखांतले एक. त्याच काळात गावेही रिकामी होत गेली. ज्या वाडीत म्हातारा परत जायचा त्या वाडीतली निम्मी घरे गणपती आणि शिमग्यापुरती उघडतात. मुले मुंबईच्याही बाहेर गेली, कोणी विरारला, कोणी बदलापूरला, कोणी पनवेलला. २०११ च्या जनगणनेत देशात साठ वर्षांवरील माणसे सुमारे १० कोटी ४० लाख भरली, म्हणजे शंभरात साडेआठ. त्यानंतर हे प्रमाण वाढलेलेच आहे. गाव म्हातारपण सांभाळीत नाही, शहराने ते कधी मनावर घेतले नाही, आणि मधल्या मधे घरातला पन्नाशीचा मुलगा किंवा मुलगी उभी आहे.

आता या प्रश्नाची भाषा नीट ऐका. आपण म्हणतो, "आईची कुठेतरी सोय लावायची आहे." या बोलण्यात प्रेम असते, मला त्याबद्दल शंका नाही. पण सोय लावणारा कोण? मुलगा. आणि आई? जिची सोय लावायची ती. तिने कुठे राहावे हा प्रश्न तिला विचारण्याचा आहे, हे त्या वाक्यात कुठेच येत नाही. आम्ही युनियनवाले एक गोष्ट पहिल्या दिवशी शिकतो. कामगाराच्या पाठीमागे केलेला करार कागदावर कितीही चांगला असला तरी टिकत नाही. ज्याच्यासाठी करार, तो टेबलाशी बसलेला हवा. घरातही तेच. चार भावंडे बाहेरच्या खोलीत बसून निर्णय घेतात आणि आई आतल्या खोलीत कूस बदलीत पडलेली असते. ती झोपलेली नसते. ती सगळे ऐकत असते.

मग योग्य जागा ओळखावी कशी? माझी कसोटी साधी आहे. ज्या जागेत म्हाताऱ्या माणसाला दिवसातून कमीत कमी वेळा दुसऱ्याकडे मागावे लागते, ती जागा त्याला योग्य. पाणी मागावे लागते का? संडासला जायला हाक मारावी लागते का? बाहेर पडायला परवानगी लागते का? बोलायला माणूस मागावे लागते का? दोन रुपये खर्च करायला हात पसरावा लागतो का? फरशी कसली आणि खिडकीतून काय दिसते हे सगळे त्यानंतर. जन्मभर जो कमावून खात आला, किंवा जी रांधून वाढीत आली, त्या माणसाला सर्वांत जड जाते ते मागणे. अंगाचे दुखणे त्या मानाने सोसते.

ही कसोटी लावायची कशी, ते मी कारखान्याच्या पाहणीवरून शिकलो. १९४८ च्या कारखाना कायद्याने आम्हाला पुष्कळ वर्षे एक धडा दिला. नोव्हेंबर २०२५ मध्ये तो कायदा नव्या संहितेत विलीन झाला, पण धडा जुना होत नाही. तो कायदा मालक दयाळू आहे की नाही हे विचारीत नसे. पिण्याचे पाणी कुठे आहे, ते संडास-मोरीपासून सहा मीटर दूर आहे का, उजेड किती, जिन्याला कठडा आहे का, हे विचारी. घराची पाहणीही तशीच करा. कोणाचे प्रेम जास्त हे मोजायला जाल तर भांडणे होतील. पावले मोजा, म्हणजे सगळ्यांना मान्य होईल असे उत्तर निघेल.

पाहणीला जायचे ते रात्री दोन वाजता. म्हणजे प्रत्यक्ष नाही तरी मनाने. दिवे बंद आहेत. आई अंथरुणावरून उठते आहे. अंथरूण जमिनीवर असेल तर उठायला कशाचा आधार आहे? तिथून संडास किती पावलांवर आहे? वाटेत उंबरठा किती? दिव्याचे बटण अंथरुणावरून हाताला लागते का? चाळीत ही वाट खोलीच्या बाहेर, गॅलरीतून पार टोकापर्यंत जाते. पावसाळ्यात ती ओली असते. पुष्कळ म्हाताऱ्या बायका रात्री उठावे लागू नये म्हणून संध्याकाळी पाचनंतर पाणी पिणे सोडतात. घरात कोणाला पत्ता नसतो. जी जागा माणसाला तहान मारायला लावते, ती जागा कितीही माणसांनी भरलेली असली तरी योग्य नव्हे.

मोरी आणि संडासाकडे बारकाईने पाहा. घरात राहणारी म्हातारी माणसे पडतात ती बहुधा इथेच, आणि खुब्याचे हाड मोडले की त्या वयात मनुष्य पुन्हा पूर्वीसारखा हिंडेलच असे नाही. गुळगुळीत लादी असेल तर ती बदला. भिंतीला पकडायला दांडा बसवा, तो मुठीत मावेल एवढ्या जाडीचा, दीड इंचाचा. बसून आंघोळ करता येईल असे स्टूल ठेवा. बैठा संडास असेल तर कमोड करून घ्या. बैठकीची उंची दीड फुटाच्या आसपास हवी, त्याहून खाली असेल तर गुडघे उचलत नाहीत. आणि दार बाहेर उघडणारे करा. माणूस आत पडला आणि दार आत उघडणारे असले, तर त्याच्याच अंगाने ते अडते आणि बाहेरच्याला आत जाता येत नाही. सगळ्या दाराला तीन फुटांची, म्हणजे ९०० मिलिमीटरची मोकळी वाट असली की चाकांची खुर्ची जाते. महारेराने मे २०२४ मध्ये ज्येष्ठांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या गृहप्रकल्पांकरिता जी तत्त्वे जाहीर केली, त्यांत हीच रुंदी दिलेली आहे. आपल्याला तसला प्रकल्प परवडणार नाही, पण त्याची मापे आपल्याला फुकट आहेत. ती घेऊन टेप लावायला काय हरकत आहे?

मग जिना. सुगम इमारतीची केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की पायरी १५० मिलिमीटरपेक्षा, म्हणजे सहा इंचांहून उंच नसावी आणि पाय ठेवायला एक फूट जागा असावी. जुन्या चाळीच्या लाकडी जिन्याला हे माप लावून पाहा. तिथे अर्धे पाऊल हवेत राहते. दुसऱ्या मजल्याच्या चाळीस पायऱ्या उतरता येतात पण चढवत नाहीत, म्हणून कित्येक माणसे खाली उतरणेच बंद करतात. वर बसून राहिलेला हा माणूस कैदी झाला, असे आपल्या लक्षात येत नाही, कारण दाराला कुलूप नसते. उपनगरातल्या तीन-चार मजली इमारतींची गतही तीच, तिथेही पुष्कळदा लिफ्ट नाही. आणि एक प्रश्न विचारायला कोणाचे मन होत नाही, तो मी विचारतो. माणसाला आडवे निजवून खाली आणायची वेळ आली, तर तुमच्या जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर वळते का?

इथवर ऐकून कोणी म्हणेल की मग चाळ सोडा आणि टॉवरमध्ये जा. आता या बाजूनेही पाहू. वरळीच्या बी.डी.डी. चाळींचा पुनर्विकास चालू आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथल्या पहिल्या साडेपाचशे कुटुंबांना नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० फुटांच्या जागी ५०० चौरस फूट, घरात संडास, इमारतीला लिफ्ट. काही लेखकमंडळी चाळ गेली म्हणून हळहळतात. ज्या बाईने साठ वर्षे डबा घेऊन गॅलरीच्या टोकाला रांग लावली, तिला घरातल्या संडासाची किंमत विचारा आणि मग हळहळा. मी या घरांच्या बाजूचा आहे. परंतु चाळीत एक गोष्ट फुकट मिळत होती. दार दिवसभर उघडे असे. सकाळी आठपर्यंत म्हातारा गॅलरीत दिसला नाही तर कोणीतरी डोकावून पाही. त्याला माणूस मागावा लागत नसे. टॉवरमध्ये दार लागते आणि लिफ्ट थेट खाली जाते. माझ्या ओळखीचे एक निवृत्त कामगार चौदाव्या मजल्यावर गेले. घर लखलखीत, मुलगा-सून चांगली. ते रोज सकाळी लिफ्टने खाली येतात आणि पहारेकऱ्याच्या खुर्चीशेजारी तासभर उभे राहतात. मी विचारले, "अण्णा, बसत का नाही?" ते म्हणाले, "बसायला ठेवलंय कुठं काय?" बारा-पंधरा कोटींच्या इमारतीत चार माणसांना बसायला बाक नव्हता! तात्पर्य, टॉवर वाईट नाही, बाक नसणे वाईट आहे. गॅलरी गेली तर तिचे काम करणारे दुसरे काहीतरी मागून घेतले पाहिजे. प्रत्येक मजल्यावर लिफ्टसमोर एक बाक, तळमजल्यावर वर्तमानपत्राची एक खोली, एवढे सोसायटीच्या सभेत ठराव करून होण्यासारखे आहे.

दुसरा पर्याय गावचे घर. "आईला गावीच बरे वाटते" असे आपण म्हणतो. ते खरेही असू शकते. पण हे आईने म्हटले आहे की आपण, हे आधी तपासा. कोकणात चिऱ्याचे घर, मागे न्हाणीघर, त्यामागे संडास, आणि जूनपासून अंगणभर शेवाळ. शेजारच्या चार घरांपैकी किती घरांत बारमाही चूल पेटते? डॉक्टर किती मैलांवर? रात्री गाडी कोण काढील? या प्रश्नांची बरी उत्तरे असतील, शेजारी हाकेच्या अंतरावर असेल आणि आईची इच्छा असेल, तर गावच्यासारखी जागा नाही. मात्र मग घरात पत्र्याच्या नव्या शेडआधी संडास आला पाहिजे, आणि अंगणापासून ओटीपर्यंत कठडा आला पाहिजे. पायऱ्यांऐवजी उतार करायचा असेल तर एक फूट उंचीला बारा फूट लांबी धरा. त्याहून उभा उतार केला तर त्याच्यावरूनच माणूस घसरेल.

तिसरा पर्याय मुलाचे किंवा मुलीचे घर. बहुतेकांच्या मते हा प्रश्न इथे संपतो. माझ्या मते इथे एक नवा प्रश्न सुरू होतो, आणि तो कामगारांचा प्रश्न आहे. आई आपल्या घरी आली की तिला आंघोळ कोण घालणार, औषध कोण देणार, दुपारी घरी कोण राहणार? "घरात माणसे आहेत" असे आपण म्हणतो तेव्हा ते माणूस बहुधा सून असते. सकाळी तिची घरातली पाळी, दिवसा नोकरीची पाळी, आणि आता ही तिसरी पाळी. या पाळीला पगार नाही, साप्ताहिक सुटी नाही आणि आजारपणाची रजा नाही. कारखान्यात कोणी असे काम लादले असते तर आम्ही फाटकावर सभा घेतली असती. घरात ते लादले जाते तेव्हा आम्हीच त्याला संस्कार म्हणतो. म्हणून टेबलाशी जसे आईला बसवायचे, तसे सुनेलाही बसवायचे. आठवड्यातून एक दिवस तिची सुटी ठरली पाहिजे आणि त्या दिवशी कोण येणार त्याचे नाव ठरले पाहिजे. लांबच्या मुलांनी पैसे तरी द्यावेत, नाहीतर दिवस तरी द्यावेत. थकलेल्या माणसाकडून सेवा घेणे हेही म्हाताऱ्याच्या दृष्टीने एक मागणेच असते. त्यालाही ते कळते.

चौथा पर्याय वृद्धाश्रम. हा शब्द उच्चारला की आपल्याकडे आवाज खाली येतो. मला त्यात लाज वाटण्यासारखे काही दिसत नाही. आमचे बापजादे गावकरी खोलीत चाळीस जण मिळून राहिले आणि मेसमध्ये जेवले, त्याला कोणी अनाथाश्रम म्हटले नाही. चांगल्या आश्रमात समवयस्क सोबत मिळते आणि वेळेवर अन्न मिळते. पण पाहणी हवी. जाहिरात वाचून जाऊ नका, न कळवता जेवणाच्या वेळी जा. नाकाने पाहा, आधी संडासाकडे जा. तिथल्या माणसांशी चालकांच्या गैरहजेरीत बोला. त्यांना बाहेर जाता येते का? फोन स्वतःजवळ ठेवता येतो का? पुष्कळ ठिकाणी हिंडत्या-फिरत्या माणसालाच प्रवेश देतात. अंथरुणाला खिळल्यावर ठेवतील का, की घेऊन जा म्हणतील? अनामत रकमेतले परत किती मिळणार? ही उत्तरे तोंडी घेऊ नका, कागदावर घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांसाठी निवास असावा अशी तरतूद आहे. आपल्या जिल्ह्यात तो कुठे आहे, कसा चालतो, हे आपल्या आमदाराला विचारणे हा तुमचा माझा हक्क आहे.

आता पैशाचे आणि कागदाचे. ज्या म्हाताऱ्याजवळ स्वतःचे पासबुक आहे त्याला घरात मान राहतो, हे कटू असले तरी खरे आहे. आणि कामगाराचे पासबुक केवढे? भविष्यनिर्वाह निधीची निवृत्तिवेतन योजना १९९५ साली आली. २०१४ साली किमान निवृत्तिवेतन ठरले ते दरमहा १००० रुपये. १९८२ साली ज्यांची नोकरी तुटली त्यांच्या नशिबी तेवढेही नाही. अशा माणसाजवळ मालमत्ता म्हणून असते ती एक खोली. म्हणून मी जोडलेल्या हातांनी सांगतो की आईवडिलांनी जिवंतपणी ती खोली मुलांच्या नावे करण्याची घाई करू नये, आणि मुलांनी ती मागू नये. द्यायचीच असेल तर देणाऱ्याचा सांभाळ करण्याची अट बक्षीसपत्रात लिहून घ्यावी. तशी अट असून सांभाळ झाला नाही, तर २००७ च्या कायद्याच्या २३ व्या कलमाप्रमाणे न्यायाधिकरण ते हस्तांतर रद्द करू शकते. निर्वाहासाठीही मुलांविरुद्ध या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. तिथे वकिलाची गरज नाही. अर्ज नव्वद दिवसांत निकाली काढावा असे कायदा म्हणतो. २००७ च्या मूळ कायद्याने दरमहा १०,००० रुपयांची कमाल मर्यादा घातली होती. हे हत्यार म्यानात राहिलेले बरे, पण ते आहे हे दोन्ही बाजूंना ठाऊक असावे.

याच संदर्भात एक गोष्ट मी अनेक चाळींत पाहिली. इमारत मोडकळीला आलेली, टेकू लावलेले, पुनर्विकासाची बोलणी चाललेली. मुले बाहेर फ्लॅटमध्ये राहतात आणि खोलीवरचा ताबा टिकावा म्हणून आई तिथे एकटी राहते. ती तिथे खोली राखायला ठेवलेली आहे! भाडेपावती आणि वीजबिल जपून, रीतसर पत्रव्यवहार करून हक्क राखता येतो. त्यासाठी पंच्याहत्तर वर्षांची बाई टेकूखाली निजवायची गरज नसते.

आता निर्णयाची रीत. ती मी आमच्याच घरच्या उदाहरणाने सांगतो. आमची आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची असताना तिच्या गुडघ्यांनी जाब दिला. ती लालबागच्या बाजूला, चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर राही. आम्ही तीन भाऊ आणि एक बहीण तिच्याच खोलीत तिच्यासमोर बसलो. थोरल्याने बदलापूरला बोलावले, बहिणीने डोंबिवलीला, धाकटा म्हणाला गावी घर दुरुस्त करू. आईने सगळ्यांचे ऐकले आणि प्रत्येकाला एकच विचारले, "तिथं सकाळी मला हाक कोण मारील?" कोणाजवळ उत्तर नव्हते. सगळे सकाळी सहाला घर सोडणारे. मग ती म्हणाली, "मला चाळ सोडायची नाही रे. मला जिना सोडायचाय."

एवढे कळल्यावर शोध सोपा झाला, निदान दिशा तरी सापडली. आम्ही चार गावे पाहत होतो, पाहायची होती ती तीच गल्ली. पाच महिन्यांनी चार घरे पलीकडे तळमजल्याची एक खोली भाड्याने मिळाली, आत संडास असलेली. भाडे चौघांनी वाटून घेतले. वरची खोली तिच्याच नावावर राहिली. तिच्या मागण्या तीन होत्या. चहाचा स्टोव्ह तिच्या ताब्यात, पासबुक तिच्या पेटीत, आणि एकादशीच्या भजनाला तिला कोणी अडवायचे नाही. तिन्ही मान्य झाल्या. सकाळी हाक मारणारी शेजारीण तीच राहिली, जी पूर्वी वर हाक मारी. त्या खोलीत आई चार वर्षे राहिली. ती खोली आमच्या चौघांच्याही घरांपेक्षा लहान आणि अंधारी होती. पण तिथे तिला दिवसातून फार थोड्या गोष्टी मागाव्या लागत.

सगळ्यांना असे जमेल असे मी म्हणत नाही. तळमजला मिळत नाही, भाडे परवडत नाही, स्मृती गेलेल्या माणसाला एकटे ठेवता येत नाही. पण रीत तीच ठेवता येते. आधी म्हाताऱ्या माणसाला विचारा, त्याला नेमके काय सोडायचे आहे आणि काय सोडायचे नाही. नव्या जागेत महिनाभर राहून पाहू द्या, तोवर जुनी जागा सोडू नका, भांडी वाटू नका. दर सहा महिन्यांनी पुन्हा बसा, कारण म्हातारपण बदलत राहते आणि आज योग्य असलेली जागा वर्षाने योग्य राहील असे नाही. कामगार करारालाही मुदत असते. मुदत संपली की नव्याने बोलणी करावी लागतात, त्यात कोणाचा अपमान नसतो.

शेवटी एक मुद्दा. हे सगळे मी एकेका घरापुरते बोललो, पण प्रश्न एकेका घरात सुटणारा नाही. गिरणी कामगारांच्या घरांचीच गोष्ट घ्या. संप १९८२ चा. त्यांच्या घरांची पहिली सोडत म्हाडाने काढली ती २०१२ साली. घर २२५ चौरस फुटांचे. संपात जो पंचेचाळीस वर्षांचा होता तो सोडतीच्या दिवशी पंच्याहत्तर वर्षांचा झाला होता. आम्ही त्याला गिरणी कामगाराचे घर म्हणत होतो, वास्तविक ते म्हाताऱ्याचे घर होते. दांडा, रुंद दार, बाहेर उघडणारा संडास, खालचा मजला, हे त्याच वेळी मागायला हवे होते. अजून कित्येक हजार कामगार आणि त्यांच्या विधवा घराची वाट पाहत आहेत. यापुढे जिथे जिथे पुनर्विकास होईल, जिथे सोडत निघेल, तिथे साठीच्या पुढच्या माणसाला खालचा मजला आधी मिळावा आणि त्याच्या मोरीत दांडा असावा, ही मागणी आपल्या मागणीपत्रकात आली पाहिजे. खर्च थोडा आहे. मागणारे मात्र पुष्कळ हवेत.

इथे बसलेल्यांपैकी बरेच जण माझ्या वयाचे आहेत. आज आपण आईवडिलांसाठी जागा शोधतो आहोत, आणखी पंधरा-वीस वर्षांनी आपली मुले आपल्यासाठी शोधतील. त्या वेळी आपल्याला कमीत कमी मागावे लागावे असे वाटत असेल, तर आजच एकत्र येऊन थोडे जास्त मागितले पाहिजे. उद्या आपापल्या सोसायटीच्या चिटणिसाकडे जा आणि जिन्याच्या दोन्ही बाजूंना कठडा व तळमजल्यावर एक बाक, एवढा अर्ज द्या. एकट्याने देऊ नका, दहा सह्या घेऊन द्या.